खर्जाची पेटी

आवाजाच्या खालच्या टोकाला मराठीत 'खर्ज' म्हणतात. शब्द मूळचा 'षड्ज'. 'ष'चा 'ख' करणाऱ्या तोंडांतून षड्जाचा खरज झाला आणि खरजाचा खर्ज. सप्तकातल्या पहिल्या स्वराचे हे नाव पुढे कोणत्याही खोल, जाड, छातीत उतरणाऱ्या आवाजाला चिकटले. त्याच्या आसपासचे घुमणे, धमक, दणका, दणदणाट हे शब्द पाहिले, तर हा आवाज आपल्या भाषेने कानापेक्षा अंगाने अधिक ओळखला आहे हे ध्यानात येते.

यवतमाळात दहा बाय बाराच्या खोलीत होम थिएटर मांडू पाहणारा गृहस्थ दुकानदाराला विचारतो, "लहानात लहान, पण धमक असलेला वूफर कोणता?" हा प्रश्न ह्या खर्जाचाच आहे. प्रश्न यंत्रयुगाचा वाटतो, पण तो बराच जुना आहे, आणि त्याची काही उत्तरे लाऊडस्पीकर जन्माला येण्याच्या फार आधी मातीत, कातड्यात आणि कणकेत सापडलेली आहेत.

आधी अडचण काय ते पाहू. सेकंदाला ४० कंपने असलेल्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट असते. २० कंपनांच्या ध्वनीची १७ मीटर. एवढ्या लांबीच्या लाटेसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. ती हलवायची तर एक तर पडदा मोठा हवा, नाही तर लहान पडद्याने पुढेमागे फार मोठी धाव घेतली पाहिजे. शिवाय पडद्याच्या मागे निघणारी लाट पुढच्या लाटेला खोडून काढते, म्हणून मागची बाजू पेटीत कोंडावी लागते. कोंडलेली हवा पडद्याला परत ढकलते. पेटी जितकी लहान, तितका हा विरोध मोठा, आणि तितका खर्ज वर सरकतो.

लहान आकारातून खाली उतरण्याचा एक मार्ग म्हणजे कंप पावणारी वस्तू जड करणे. आपल्या वादकांना हे पूर्वापार ठाऊक आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वादनाआधी ओल्या कणकेचा गोळा थापतात, वारकरी भजनातल्या मृदंगावरही थापतात. कणीक कमी-जास्त करून खर्ज जुळवायचा आणि वादन संपले की ती खरवडून काढायची. ढोलकीच्या डाव्या पुडीला आतून मसाला लावलेला असतो, तबल्याच्या डग्यावर शाई कायमची आणि मध्याच्या जरा बाजूला. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ साली अधिक विस्ताराने भारतीय चर्मवाद्यांवर लिहिले. त्यांचा भर होता तो शाईमुळे पडद्याचे बेसूर उपस्वर सुरेल होतात ह्यावर. पण आपल्या विषयाला कणकेचा साधा हिशेब पुरेसा आहे : वजन वाढले की स्वर खाली जातो, मात्र तो काढायला हाताचा जोरही जास्त लागतो. विदर्भात पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात, त्या वेळी वाजणारे डफडे वादक आधी शेकोटीवर शेकून घेतात. तिथे उलट गणित : कातडे ताणायचे, आवाज वर न्यायचा, म्हणजे झडती म्हणणाऱ्याच्या दोन ओळींमधल्या जागेत तो टणत्कारून उठतो.

दुसरा मार्ग पोकळीचा. गोव्याचे घुमट हे वाद्य म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे, लहान तोंड उघडे. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते अडचणीचे झाले आणि बकऱ्याचे कातडे वापरात आले. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली, हे योग्यच झाले. वादक उजव्या हाताने कातडे वाजवतो आणि डाव्या तळव्याने मागचे तोंड झाकत-उघडत खर्ज फिरवतो. आतल्या हवेची स्प्रिंग आणि तोंडाशी असलेल्या हवेचा गोळा मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला घुमतात. हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात अशाच पोकळ भांड्यांच्या साहाय्याने स्वरांचे पृथक्करण केले. त्याही आधी, रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने नाट्यगृहाच्या आसनांखाली काशाची भांडी ठेवायला सांगितली होती. त्यांचा प्रत्यक्ष उपयोग किती होत असेल, ह्याविषयी मला शंकाच आहे.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत, पानटपऱ्यांवर, सलूनमध्ये ट्रान्झिस्टरचा किंवा टेपरेकॉर्डरचा स्पीकर काढून मडक्याच्या तोंडावर बसवण्याची रीत होती, अजूनही क्वचित दिसते. हा यवतमाळच्या बाजारात सर्वांत स्वस्तात मिळणारा खर्जवर्धक. पंधरा लिटरांचा माठ घेतला आणि त्याचे तोंड चार इंचांचे धरले, तर तो साधारण सेकंदाला सव्वाशे-दीडशे कंपनांवर घुमतो. हा खरा खर्ज नव्हे, त्याची वरची पायरी. पण चार इंची स्पीकर जिथे धापा टाकू लागतो नेमकी तीच ही जागा, म्हणून ऐकणाऱ्याला आवाज एकदम 'भरला' असे वाटते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरासला पेटीला भोक ठेवून स्पीकरचा खर्ज वाढवण्याच्या रचनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. ह्या रचनेला पुढे बास-रिफ्लेक्स म्हणू लागले. मडके, घुमट आणि थुरासची पेटी ह्यांच्यामागचे तत्त्व एकच. फरक मोजणीचा. ती मोजणी पक्की व्हायला १९६१ मध्ये नेव्हिल थील आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल ह्या ऑस्ट्रेलियात काम केलेल्या दोघांचे लेख यावे लागले. तोवर सुतार आणि कारागीर कानाने भोक कापत होते.

मधल्या काळात आपल्या घरांत आला तो रेडिओ, आणि त्याला खर्ज जवळजवळ नव्हताच. यवतमाळला १९७३ साली साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी होते ग. दि. माडगूळकर. ज्यांच्या गीतरामायणाने १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून महाराष्ट्राला रेडिओभोवती बसवले होते, ते कवी. त्या गाण्यांतल्या तबल्याचा डगा श्रोत्यांना ऐकू आला ह्यात शंका नाही. पण टेबलावरच्या रेडिओच्या स्पीकरमधून शंभराच्या खालची कंपने फारशी बाहेर पडतच नसत. मग ऐकले काय? झेबेक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्येच दाखवून दिले होते की मूळ स्वर गाळला आणि त्याचे वरचे उपस्वर तेवढे शिल्लक ठेवले, तरी माणसाला मूळ स्वराचीच उंची जाणवते. गाळलेला खर्ज मेंदू भरून काढतो. अक्षरे पुसट असली तरी ओळखीची ओळ वाचणाऱ्याला कळते, तसेच हे. एका पिढीने महाराष्ट्राचे संगीत खर्ज मनातल्या मनात घालून ऐकले असे म्हटले, तर अतिशयोक्ती होणार नाही. आज स्वस्तातले लहान स्पीकर मुद्दाम उपस्वर वाढवून खर्जाचा भास निर्माण करतात, ती युक्तीही हीच.

लहान पेटीच्या इतिहासातला मोठा टप्पा १९५४ चा. एडगर विलचर ह्याने हेन्री क्लॉस ह्या आपल्या विद्यार्थ्याबरोबर अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये 'एआर-१' हा स्पीकर बाजारात आणला. तोवर चांगला खर्ज म्हणजे कपाटाएवढी पेटी असे समीकरण होते. विलचरने पडद्याची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम ढिली केली आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. जी हवा आजवर शत्रू होती तिला त्याने कामाला लावले. फडताळात मावणारी पेटी कपाटाएवढा खर्ज देऊ लागली. किंमत मोजावी लागली ती शक्तीत : तेवढ्याच आवाजासाठी कितीतरी मोठा ॲम्प्लिफायर हवा. क्लॉसचा पुढचा भागीदार अँटन हॉफमन ह्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम ह्याच व्यवहाराचा आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, ह्या तिहींपैकी दोनच एका वेळी मिळतात. पखवाजावरची कणीक वेगळे काय सांगत होती?

ह्या बंद पेट्यांत तंतुमय पदार्थ भरतात. त्यामुळे दाबली जाणारी हवा तापत नाही आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. तत्त्वतः १.४ पट, व्यवहारात बरेच कमी. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यातल्या वाचकाच्या मनात इथे साहजिक प्रश्न येईल. कापूस चालतो. पण तो कालांतराने दबून बसतो, ओल धरतो आणि पेट घेतो, म्हणून कारखान्यांनी काचतंतू आणि पुढे पॉलिएस्टर पसंत केले. पांढऱ्या सोन्याला ह्याही बाजारात भाव मिळाला नाही.

'सबवूफर' घरात शिरला तो चित्रपटामुळे. १९७४ च्या 'अर्थक्वेक'साठी चित्रपटगृहांत प्रचंड खर्ज-स्पीकर बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवण्यात आल्या. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रतींत खर्जासाठी वेगळे मार्ग राखले गेले. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आले आणि '५.१' हा आकडा रूढ झाला. त्यातला '.१' म्हणजे केवळ १२० कंपनांपर्यंतचा अपुरा, खास दणक्यासाठी राखलेला मार्ग. भाषेच्या अभ्यासकाला गमतीची वाटावी अशी एक गोष्ट इथे आहे. रे डॉल्बी ह्यांनी १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षे भारतात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून काढली, मग लंडनमध्ये कंपनी स्थापन केली. त्यांचे पहिले उत्पादन ध्वनिमुद्रणातली खरखर, म्हणजे गोंगाट, कमी करणारे यंत्र होते. पश्चिम महाराष्ट्रात आज 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरांची भिंत, आणि 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' ही मोहीम. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव गोंगाटालाच मिळाले. विदर्भात त्याच भिंतीला 'डीजे' म्हणतात. तिथे वाजवणाऱ्या माणसाचे नाव यंत्राला गेले.

हॉफमनच्या नियमातली शक्तीची अट अलीकडे सैल झाली. विजेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग स्पीकरपर्यंत पोहोचवणारे, न तापणारे 'डी' वर्गाचे ॲम्प्लिफायर स्वस्त झाले. अमेरिकेत बॉब कार्व्हरने १९९० च्या दशकात ११ इंचांच्या घनाकृती पेटीत २७०० वॅटचा ॲम्प्लिफायर असल्याचा दावा करून खळबळ उडवली. आपल्या बाजारात वॅटची भाषा ह्याहून धीट. पेटीवर हजारांनी छापलेले 'पीएमपीओ' हे आकडे वाचून सोडून द्यावेत. विचारावे ते आरएमएस वॅट, आणि खर्ज किती कंपनांपर्यंत, किती डेसिबलच्या घटीने उतरतो ते.

दहा बाय बाराच्या सिमेंटच्या खोलीला तर फार मोठी पेटी लागतच नाही. अशा खोलीत लांबीच्या दिशेने ४७ च्या आणि रुंदीच्या दिशेने ५६-५७ च्या आसपास कंपने स्वतःच उभी राहतात. त्याखालचा खर्ज खोली आपोआप उचलून धरते. म्हणून आठ किंवा दहा इंचांचा, बंद पेटीचा, आवाजात संयमी पण खाली सावकाश उतरणारा सबवूफर अशा खोलीला भोकाच्या पेटीपेक्षा बहुधा अधिक शोभतो. कवेलूच्या किंवा टिनपत्र्याच्या घरात मात्र खर्ज छतातून निघून जातो, आणि पत्रा स्वतःच्या आवाजाची भर घालतो तो वेगळाच. तिथे भोकाची पेटी क्षम्य. जागा ठरवायची रीत साधी आहे : सबवूफर तात्पुरता बसायच्या जागेवर ठेवावा, ओळखीचे गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरावे. खर्ज जिथे एकसारखा ऐकू येईल तिथे मग पेटी ठेवावी.

उरतो शेजारी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर ह्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. पण हे डेसिबल 'ए' मोजपट्टीचे आहेत. ही पट्टी फ्लेचर आणि मन्सन ह्यांच्या १९३३ च्या प्रयोगांवर आधारलेली, आणि तीही हलक्या आवाजांना कान कसा प्रतिसाद देतो त्यावरून. ५० कंपनांच्या आवाजातून ती ३० डेसिबल वजा करते. प्रत्यक्षात ८५ डेसिबलचा खर्ज यंत्रावर ५५ दिसतो, ७५ चा ४५. तबकडी कायद्यात बसलेली असते आणि शेजारच्या घरातल्या कपाटाची काच वाजत असते. नऊ इंची विटांची भिंत बोलणे अडवते, खर्जाला पुष्कळसा जाऊ देते. तक्रार करणाऱ्याला मोजणीनंतर 'आवाज मर्यादेत आहे' हे उत्तर मिळू शकते, आणि ते खोटे नसते. नियमांच्या पुढच्या दुरुस्तीत मोजणी 'ए'बरोबर 'सी' पट्टीनेही व्हावी, असे माझे मत आहे. ती ५० कंपनांवर जेमतेम सव्वा-दीड डेसिबल वजा करते. तोवर पेटी सामाईक भिंतीला न टेकवता तिच्याखाली जाड रबर घालणे आणि रात्री दहानंतर खर्जाचे बटण वेगळे खाली आणणे, एवढे घरच्या घरी करता येते. बहुतेक सबवूफरांवर हे बटण मागच्या बाजूला असते. घेताना ते हाताला लागेल अशा ठिकाणी आहे ना, हे पाहून घ्यावे.