सोम म्हणजे अळंबे?

श्रोतेहो, पावसाळ्यात बांधावर उगवणारी कुत्र्याची छत्री तुम्ही पाहिलीच असेल. तशीच एक छत्री सैबेरियात भूर्जवृक्षाखाली उगवते. टोपी लालभडक, वर पांढरे ठिपके, आणि विषारी! तरीही कामचाटकातील कोर्याक लोक ती वाळवून खात. त्या गुंगीत अळंब्यातले आत्मे आपल्याशी बोलतात, अशी त्यांची श्रद्धा.

१९६८ साली वॉसन या अमेरिकन गृहस्थांनी ग्रंथच लिहिला, की ऋग्वेदातला सोम तो हाच! मूळ सोम दुर्मिळ झाल्याने ब्राह्मणग्रंथांतच पूतीकासारखे पर्याय सांगितले आहेत. म्हणून तर हा शोध. वॉसन म्हणाले, ऋग्वेदात सोमाची मुळे, पाने, फुले वर्णिलेली नाहीत. मग ते अळंबेच. ऐकताच पटावे असे, नाही का?

पण १९७१ साली संस्कृत पंडित जॉन ब्रफ यांनी विचारले, सोम पिऊन इंद्र लढाईला निघतो. अळंबे खाऊन माणूस गुंगतो, त्याचे काय? शिवाय इराणात यझ्दचे जरथुष्ट्री ‘होम’ म्हणून वापरतात ते एफेड्रा, म्हणजे झुडूप.

वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुलांना हे जरूर सांगा; पण ‘अमुक म्हणतात’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतला फरकही सांगा. इतिहास शिकायचा तो त्यासाठीच.