‘ॲक्शन’ म्हणजे नेमकं काय?

मराठी माणसाच्या तोंडी रोज येणाऱ्या इंग्रजी शब्दांत ‘ॲक्शन’ हा एक. तहसीलमध्ये अर्ज दिला की महिनाभरानं आपण विचारतो, ‘मग ॲक्शन काय घेतली?’ मारामारीचा सिनेमा असेल तर तो ॲक्शन पिक्चर. वर्गात एखादा पोरगा कॉलर वर करून रुबाब करू लागला की मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘लई ॲक्शन मारायलाय.’ कविता पाठ करून घेताना आम्ही शिक्षकच सांगतो, ॲक्शन करून म्हणा. शब्दकोश उघडला तर आणखी अर्थ सापडतात : कृती, कोर्टातला दावा, यंत्राची चाल, रणांगणावरची चकमक.

पण अहमदपूर, उदगीर, निलंगा, कंधार या पट्ट्यात जुन्या माणसासमोर नुसतं ‘ॲक्शन’ म्हणा. यातला एकही अर्थ त्याच्या मनात येणार नाही. त्याला आठवेल सप्टेंबर १९४८. ‘ॲक्शनच्या आधी’, ‘ॲक्शनमधी’, ‘ॲक्शननंतर’ अशी काळाची मोजणीच इथं चालायची. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या बायका वय सांगताना म्हणत, ‘ॲक्शनच्या वक्ताला मी रांगत होते.’

पूर्ण शब्द ‘पोलीस ॲक्शन’. गंमत अशी, की त्यात पोलीस जवळजवळ नव्हतेच. १३ सप्टेंबर १९४८ला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची फौज सोलापूरकडून रणगाडे घेऊन निजामाच्या राज्यात शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. मोहिमेचं लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढं रीतसर शस्त्रं खाली ठेवली.

मग हे पोलीस आले कुठून? ते आले राजनीतीतून. २१ ऑगस्टला निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं भारताविरुद्ध तक्रार केली होती. दोन देशांतलं युद्ध म्हटलं तर जगाला मध्ये पडता येतं. आपल्याच घरातला बंदोबस्त म्हटलं तर येत नाही. म्हणून लष्कराच्या अंगावर पोलिसांचा गणवेश चढवला गेला, शब्दापुरता. ही युक्ती नवीही नव्हती. वर्षभर आधी, जुलै १९४७मध्ये, डचांनी इंडोनेशियावर हल्ला केला तेव्हा त्यालाही ‘पोलीस ॲक्शन’च म्हटलं होतं. आणि तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या दोन देशांपैकी एक होता भारत! पुढं १९५०मध्ये कोरियातल्या लढाईला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीही हेच नाव चालवून घेतलं.

एक गोष्ट सरळ सांगतो. चहूबाजूंनी भारतानं वेढलेलं हैदराबाद वेगळं देश म्हणून टिकणं शक्य नव्हतं आणि टिकायलाही नको होतं. रझाकारांनी प्रजेवर जे केलं त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. त्यांचा पुढारी कासीम रझवी आमच्या लातूरला वकिली करायचा. मे १९४८मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात जे घडलं ते आजही तिथले लोक विसरलेले नाहीत. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान मुसलमानच होते. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये त्यांचा खून झाला. ‘रझाकार’चा उर्दू अर्थ स्वयंसेवक, राजीखुशीनं काम करणारा. उर्दूच्या धड्यात पूरग्रस्तांना मदत करणारे ‘रझाकार’ आले की मला थांबावं लागतं. मराठवाड्यात ती शिवी आहे, तीही अशा पोराला ऐकावी लागते ज्याचा आजासुद्धा १९४८मध्ये पाळण्यात होता.

आणि ‘ॲक्शन’ पाच दिवसांत संपली, हे फक्त फौजेपुरतं खरं. गावोगाव जे झालं ते त्यानंतर कित्येक दिवस चाललं. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. त्यांचा अंदाज : २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. ही यादी वाचताना ध्यानात ठेवावं, की तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता, तो १९८२चा. लातूर उस्मानाबादेत होतं आणि अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तीन तालुके बीदरमध्ये. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते इकडं आले. म्हणजे अहवालातलं ‘बीदर’ आपल्याला परकं नाही. शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. तो सरकारनं छापला नाही. पुढं ए. जी. नूराणी यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात तो दिला.

मला कोडं पडतं ते भाषेचं. ‘कारवाई’ हा शब्द उर्दूतही होता, मराठीतही. दोघांनाही तो परका नव्हता. तरी गावातली निरक्षर म्हातारी इंग्रजी शब्द का धरून बसली? मला वाटतं, आपल्या भाषेतला प्रत्येक शब्द कुणाची तरी बाजू घेत होता. ‘मुक्तिसंग्राम’ म्हटलं की विजय आला. लिहित्या-वाचत्या उर्दूवाल्यांचा ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचं पतन, म्हटलं की गेलेल्या राज्याचा शोक आला. आणि ज्या बाईचा नवरा विहिरीपाशी सापडला, तिला यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. तिला त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत जगायचं होतं. परक्या भाषेतला, अर्थ नीट न कळणारा ‘ॲक्शन’ तिच्या कामी आला. ‘ॲक्शनमधी गेले’ एवढं बोललं की ऐकणारा पुढं विचारत नसे. हिंदू शेजारीही तोच शब्द वापरत, त्यामुळं पारावर बसून दोघांनाही एकाच वर्षाविषयी बोलता येई.

आता तो शब्द वापरणारी माणसं संपत चालली आहेत आणि १७ सप्टेंबरला मात्र नावांची कमतरता नाही. आपल्याकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. २०२२मध्ये तर एकाच हैदराबाद शहरात केंद्र सरकारनं ‘मुक्ती दिन’ साजरा केला आणि राज्य सरकारनं ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’. उर्दूतून मराठीत उतारा करताना माझी मुलं ‘पोलीस ॲक्शन’ तसंच ठेवतात. मी त्याखाली लाल रेघ ओढत नाही.