उच्च रक्तदाब व निद्रा-श्वासरोध असलेल्या रुग्णांमधील अवटू ग्रंथीचे कार्य

अवटू ग्रंथी (थायरॉइड) ही मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेवर असलेली फुलपाखराच्या आकाराची अंतःस्रावी ग्रंथी आहे. तिच्यातून स्रवणारी टी-३ व टी-४ ही संप्रेरके चयापचय, हृदयगती आणि रक्तवाहिन्यांचा ताण यांचे नियमन करतात. उच्च रक्तदाब आणि झोपेत श्वास वारंवार अडणे (अवरोधी निद्रा-श्वासरोध किंवा स्लीप ॲप्निया) हे दोन विकार अनेकदा एकाच रुग्णात आढळतात. अशा रुग्णात अवटू ग्रंथीचाही विकार असल्यास तिन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि निदान लांबण्याचा संभव असतो.

परस्परसंबंध

अवटू-न्यूनतेत (हायपोथायरॉइडिझम) सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा रोध वाढतो, त्यामुळे मुख्यतः प्रसरणकालीन म्हणजे खालचा रक्तदाब वाढतो. अवटू-अतिक्रियेत (हायपरथायरॉइडिझम) हृदयाचे ठोके व रक्ताचे उत्क्षेपण वाढून वरचा दाब चढतो आणि दोन्ही दाबांतील अंतर रुंदावते.

अवटू-न्यूनतेत जीभ व घशाच्या ऊतींना सूज येते, घशाचे स्नायू शिथिल होतात, वजन वाढू शकते आणि श्वसनाची प्रेरणा मंदावते. मोठा गलगंड असल्यास श्वासमार्गावर दाब येतो. या सर्वांमुळे झोपेत श्वास अडण्यास वाव मिळतो. श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घटतो, अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होते आणि रक्तदाब वाढतो. मूत्रल औषधासह तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसल्यास निद्रा-श्वासरोध आणि अवटू-विकार या दोन्ही कारणांचा विचार केला जातो.

लक्षणे व निदान

थकवा, दिवसा झोप येणे, वजनवाढ, विस्मरण आणि उदासपणा ही लक्षणे अवटू-न्यूनता व निद्रा-श्वासरोध या दोहोंत आढळतात. थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा व मंद नाडी यांवरून अवटू-न्यूनतेची शंका येते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहणे ही निद्रा-श्वासरोधाची चिन्हे होत.

अवटू ग्रंथीच्या तपासणीस रक्तातील टीएसएच मोजणे पुरेसे ठरते. ते असामान्य आढळल्यास मुक्त टी-४ मोजतात. निद्रा-श्वासरोधाच्या निश्चितीसाठी रात्रभराची निद्रा-चाचणी लागते. तीत दर तासाला ५ ते १४ वेळा श्वास अडल्यास विकार सौम्य, १५ ते २९ वेळा अडल्यास मध्यम आणि ३० किंवा अधिक वेळा अडल्यास तीव्र मानतात. चाचणीपूर्वी ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची सूची वापरतात; तिच्यातील एक प्रश्न उच्च रक्तदाबाचाच आहे.

उपचार

अवटू-न्यूनतेवर लिव्होथायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी दिली जाते व साधारण ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. हृदयविकार असलेल्यांत मात्रा अल्प ठेवून हळूहळू वाढवतात, कारण संप्रेरकामुळे हृदयाची प्राणवायूची गरज वाढते आणि श्वासरोधामुळे रात्री प्राणवायूचा पुरवठा आधीच घटलेला असतो. काही रुग्णांत या उपचाराने श्वासरोध व रक्तदाब कमी होतात, मात्र सर्वांत नाही. त्यामुळे श्वासमार्गात सतत हवेचा दाब राखणारे सीपॅप यंत्र आणि रक्तदाबाची औषधे परस्पर बंद करू नयेत.

वाशीम जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून निर्माण झालेला वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. २०१० साली सुरू झालेल्या कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील वाशीमचाही समावेश होता. या कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब तपासला जातो. अवटू-विकार व निद्रा-श्वासरोध मात्र त्याच्या मुख्य आजारांत नाहीत. रक्तदाब तपासताना घोरणे व थकवा यांची विचारपूस केल्यास पुढील तपासणीची गरज असलेले रुग्ण ओळखता येतात. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले.