प्रवासवर्णने आणि स्त्रियांचा इतिहास : होनावरच्या शाळा ते गुलबदन बेगम यांची हजयात्रा

मध्ययुगीन भारताचा इतिहास विद्यापीठांतून दीर्घकाळ राजघराणी, लढाया आणि महसूलपद्धती यांच्या चौकटीतच शिकवला गेला. १९७४ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचा समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे इतिहासाच्या अभ्यासातही स्त्रियांविषयीचे प्रश्न विचारले जाऊ लागले आणि साधनांची अडचण समोर आली. दरबारी तवारिखांत स्त्रिया क्वचितच भेटतात. अशा वेळी प्रवासवर्णने उपयोगी पडतात. स्थानिक माणसाला जे रोजचे म्हणून लिहावेसे वाटत नाही, ते परक्या प्रवाशाला नवे वाटते व तो ते टिपून ठेवतो. मात्र ही साधने कशी वाचावीत, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात दोन प्रवासांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

दौलताबाद आणि होनावर

मोरोक्कोतील तंजा शहराचा इब्न बतूता १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजसाठी घराबाहेर पडला. तो १३३३ मध्ये सिंधू नदीपाशी पोहोचला आणि पुढे दिल्लीत मुहंमद तुघलकाचा काजी झाला. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला. वाटेत दौलताबाद, नंदुरबार, खंबायत ही ठिकाणे पाहून तो समुद्रमार्गे गोवा व होनावर येथे आला. त्याच्या प्रवासाचा ‘रिहला’ हा ग्रंथ मात्र १३५५ मध्ये मोरोक्कोत पूर्ण झाला. त्याने आठवणी सांगितल्या व इब्न जुजय्य याने त्या लिहून काढल्या. पाहणे आणि लिहिणे यांत बारा-तेरा वर्षांचे अंतर आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

दौलताबादेत त्याला मराठा स्त्रियांचे रूप दिसले. त्यांचे नाक व भुवया यांची त्याने खास तारीफ केली आहे. त्या काय काम करीत, काय शिकत, याचा त्या वर्णनात पत्ता नाही. होनावरविषयी लिहितानाही तो रूपाची व पेहरावाची नोंद करतो, पण तेथे थांबत नाही. येथील स्त्रियांना कुरआन मुखोद्गत आहे, गावात मुलींच्या १३ व मुलांच्या २३ शाळा आहेत आणि असे आपण अन्यत्र पाहिले नाही, असे तो सांगतो.

एकाच प्रवाशाच्या नजरेत हा फरक का पडला? होनावरचा मुस्लिम समाज शाफिई पंथाचा, सागरी व्यापाराशी जोडलेला होता. तेथील धार्मिक जीवन या काजीच्या परिचयाचे होते. दौलताबादच्या मराठी घरात त्याला प्रवेश नव्हता आणि तेथील भाषाही येत नव्हती. म्हणजे ‘रिहला’तील मौन हे त्या स्त्रियांच्या जीवनातील रितेपण ठरत नाही, ती प्रवाशाची मर्यादा ठरते.

होनावरच्या या नोंदीचा दोन्ही बाजूंनी गैरवापर होऊ शकतो. मुस्लिम मुलींचे शिक्षण ही केवळ इंग्रजी अमदानीची देणगी, हे विधान या एका नोंदीपुढे टिकत नाही. परंतु एका बंदरातील १३ शाळांवरून सर्व मध्ययुगीन समाजात मुली शिकत होत्या, असेही म्हणता येत नाही. त्या शाळांत कोण शिकवीत असे, लेखन शिकवले जाई की केवळ पठण, हे इब्न बतूता सांगत नाही. एकाही विद्यार्थिनीचे वा शिक्षिकेचे नाव त्याने दिलेले नाही.

नावानिशी उल्लेख आणि अनामिका

नावे त्याला देताच येत नव्हती, असे नव्हे. १३२६ मध्ये दमास्कस येथे ज्यांच्याकडून आपल्याला इजाजत मिळाली, त्यांच्या यादीत त्याने जैनब बिन्त अल्-कमाल या मुहद्दिसांचे नाव आदराने घेतले आहे. हदीस ऐकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत. त्यांचे निधन १३३९ मध्ये झाले. येथे प्रवास पुरुषाचा आहे आणि प्रवासाचे गंतव्य एक विदुषी आहे. याउलट त्याच्या स्वतःच्या बायका आणि त्याने विकत घेतलेल्या दासी यांपैकी बहुतेक अनाम राहतात. मालदीवमध्ये तर सुलतानपदी खदीजा ही स्त्री होती. तिच्या राज्यात काजी असताना स्त्रियांनी अंगभर वस्त्र घ्यावे असा हुकूम त्याने काढला. न्यायासनासमोर येणाऱ्या स्त्रियांपलीकडे तो चालला नाही, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्या स्त्रियांचे म्हणणे लिहिलेले नसले, तरी हुकूम न मानण्याची त्यांची कृती अशी नोंदली गेली आहे.

बेगमांचा काफिला

दुसरे उदाहरण प्रवास करणाऱ्या स्त्रियांचे आहे. बाबराची कन्या गुलबदन बेगम यांच्या नेतृत्वाखाली मुघल जनानखान्यातील स्त्रिया १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाल्या. अकबराची बेगम सलीमा सुलतान त्यांच्यात होती. अरबी समुद्रात त्या काळी पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय जहाज सुरक्षित नसे. त्यामुळे बादशहाच्या आत्यालाही सुरतेस दीर्घकाळ थांबावे लागले. १५७६ मध्ये जहाजे निघाली. या स्त्रियांनी तीनहून अधिक वर्षे हिजाजमध्ये काढली आणि चार वेळा हज केला. त्यांचा मुक्काम लांबल्याने उस्मानी सुलतान तिसरा मुराद याने त्यांना परत पाठवण्याचे हुकूम काढले. परतताना एडनजवळ जहाज फुटले व तेथे बराच काळ अडकून पडावे लागले. १५८२ मध्ये त्या सिक्रीस पोहोचल्या.

पुढे अकबराच्या सांगण्यावरून गुलबदन बेगम यांनी फार्सीत ‘हुमायूननामा’ लिहिला. घरगुती व्यवहार, लग्नसमारंभ, पळापळीत हरवलेली मुले, बहिणी-आत्यांनी केलेल्या मध्यस्थ्या यांचे असे वर्णन दरबारी तवारिखांत सापडत नाही. १९०२ मध्ये ॲनेट बेव्हरिज यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. परंतु उपलब्ध हस्तलिखित कामरानला आंधळे केल्याच्या प्रसंगापाशी, १५५३ च्या सुमारास, तुटते. हजयात्रा त्यात नाही. जी स्त्री लिहू शकत होती, तिच्या सर्वांत मोठ्या प्रवासाची हकीकत आज अबुल फजल, बदायुनी आणि उस्मानी दफ्तरे यांतूनच जुळवावी लागते.

निष्कर्ष

तात्पर्य, प्रवासवर्णनातून स्त्रीविषयक मजकूर वेचून त्याची यादी करणे म्हणजे स्त्रियांचा इतिहास नव्हे. लिहिणारा कोण, त्याला कोठवर प्रवेश होता, तो कोणाशी कोणत्या भाषेत बोलला आणि ऐकीव काय व पाहिलेले काय, हे प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारले पाहिजेत. इब्न बतूताच्या भारतविषयक भागाचा मेहदी हुसैन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५३ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानेच प्रसिद्ध केला आहे. उर्दू व फार्सी जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने तो मूळ साधनांशी ताडून वाचावा आणि कोकण-गोव्याच्या स्थानिक कागदपत्रांशी त्याची सांगड घालावी. होनावरच्या त्या १३ शाळांतील मुलींची नावे कदाचित कधीच मिळणार नाहीत. पण त्या शिकत होत्या, एवढे तरी साक्षीपुराव्याने सांगता येते आणि जेवढा पुरावा आहे तेवढेच सांगणे हाच त्यांचा खरा सन्मान आहे.