ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा : अर्थ आणि उपाय

पावसाळ्यात वरोरा परिसरातील काळ्या मातीच्या रस्त्यांवर मोटारीची चाके जागीच फिरू लागतात. अशा वेळी ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ ही यंत्रणा घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते वा इंजिनची शक्ती कमी करते. तेव्हा डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकणे, ही यंत्रणा काम करीत असल्याची खूण होय. दिवा सतत पेटलेला राहिला, तर मात्र यंत्रणा बंद आहे किंवा तिच्यात बिघाड आहे, असे समजावे.

चिखलात रुतलेली गाडी काढताना ही यंत्रणा बटण दाबून बंद करतात. ते बटण प्रथम पाहावे. नंतर चारही टायरांचा आकार व हवा तपासावी. चाकाची गती मोजणारा सेन्सर चिखलाने माखणे किंवा त्याची वायर तुटणे, हे नेहमीचे कारण. हाच सेन्सर एबीएसलाही माहिती पुरवितो. म्हणून दोन्ही दिवे अनेकदा एकत्र लागतात. क्षीण बॅटरीही कारणीभूत ठरू शकते. स्कॅनरवर दोषाचा कोड वाचूनच सुटा भाग बदलावा. नुसता कोड पुसल्याने दोष जात नाही.

एवढाच दिवा लागल्यास साधारणतः नेहमीचे ब्रेक चालतात. वेग कमी ठेवून गॅरेज गाठावे. ब्रेकचा लाल दिवाही लागल्यास मात्र गाडी सुरक्षित जागी थांबवावी.