कॉनी मॅक आणि फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स : एका दाखल्याची चिकित्सा

सतत पराभूत होणाऱ्या संघाने आपला मॅनेजर ठेवावा की बदलावा, हा वाद अमेरिकन बेसबॉलमध्ये फार जुना आहे. मॅनेजर ठेवावा असे म्हणणारा पक्ष बहुधा कॉनी मॅक याचा दाखला पुढे करतो. १९०१ पासून १९५० पर्यंत सलग पन्नास हंगाम तो फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या संघाचा मॅनेजर होता. हा दाखला कितपत ग्राह्य आहे, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

बेसबॉलमधील मॅनेजर म्हणजे क्रिकेट संघाबरोबर दौऱ्यावर जाणारा व्यवस्थापक नव्हे. क्रिकेटमध्ये कर्णधार जे मैदानावर ठरवितो त्यातील बहुतेक येथे मॅनेजर मैदानाबाहेर बसून ठरवितो. मॅक तर खेळाडूंचा गणवेषही घालीत नसे. साधा सूट घालून, हातातील धावपत्रिका हालवून तो क्षेत्ररक्षकांच्या जागा बदली.

त्याच्या कारकीर्दीचे आकडे विलक्षण आहेत. अमेरिकन लीगचे अजिंक्यपद ९ वेळा, जागतिक मालिका ५ वेळा. आणि त्याच मनुष्याच्या नावे तळाचे स्थान १७ वेळा. पिट्सबर्गमधील प्रारंभीचे हंगाम धरून त्याचे एकूण विजय ३,७३१ व पराभव ३,९४८ भरतात. दाखला देणारे म्हणतात, की १९१५ ते १९२१ ही सात वर्षे संघ ओळीने तळाशी असताना मॅकला काढले असते, तर १९२९ व १९३० सालचे जगज्जेते घडलेच नसते. युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की मॅकला काढू शकणारा कोणी होता.

वस्तुस्थिती तशी नव्हती. मॅक आरंभापासूनच संघाचा भागीदार होता, पुढे त्याचा वाटा निम्म्यावर गेला, आणि १९३७ मध्ये तो संघाचा अध्यक्षही झाला. त्याला मिळालेली मुदत हे कोणाच्या धैर्याचे फळ नव्हते. तो मालकीहक्काचा परिणाम होता. अपयशाचे मूळही तेथेच सापडते. १९१४ मध्ये अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाने पुढील हंगामात १०९ सामने गमावले आणि १९१६ मध्ये ११७. मॅकची बुद्धी एका हिवाळ्यात मंदावली, असे कोणी म्हणणार नाही. फेडरल लीग या नव्या प्रतिस्पर्धी संघटनेने वेतने चढविली; ती देण्याऐवजी मॅकने एडी कॉलिन्सला ५० हजार डॉलर घेऊन शिकागोस विकले, तर प्लँक व बेंडर त्या नव्या लीगकडे गेले. १९३१ मध्ये १०७ सामने जिंकणारा संघही मंदीच्या काळात याच रीतीने मोडला गेला : सिमन्स, ग्रोव्ह, शेवटी १९३५ मध्ये फॉक्स. मॅनेजर मॅकचा पराभव मालक मॅकने केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

तथापि १९५० चा हंगाम निराळा विचार मागतो. लागोपाठच्या तीन बऱ्या हंगामांनंतर त्या वर्षी संघाने ५२ सामने जिंकले व १०२ गमावले. त्याच शाइब पार्कवर खेळणाऱ्या फिलिज संघाने नॅशनल लीगचे अजिंक्यपद मिळविले, ही तुलना शहराच्या डोळ्यांत सलणारी होती. मॅक ८७ वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये तो निवृत्त झाला आणि जिमी डाइक्स मॅनेजर झाला. १९५१ मध्ये विजयांची संख्या ७० वर आणि १९५२ मध्ये ७९ वर गेली. बदलाच्या पुरस्कर्त्यांना याहून सबळ पुरावा कोणता हवा?

पण हा पुरावाही सरळ नाही. १९५० च्या मे महिन्यातच मॅकचा पुत्र अर्ल याला दूर करून डाइक्सला साहाय्यक मॅनेजर नेमले होते. अर्थात त्या दुर्दैवी हंगामाच्या पुष्कळशा भागात डाइक्स संघाजवळच होता. दुसरे, गोलंदाज बॉबी शांट्झ याने १९५० मध्ये ८ सामने जिंकले होते. १९५१ मध्ये त्याने १८ आणि १९५२ मध्ये २४ जिंकले. १९५३ मध्ये हाच शांट्झ दुखापतींनी ग्रासला, त्याला अवघे ५ विजय मिळाले, आणि त्याच डाइक्सच्या हाताखाली संघ ५९ विजयांवर उतरला. मॅनेजरच्या बदलीला दिलेल्या श्रेयाचा मोठा भाग एका डावखुऱ्या हाताच्या खात्यावर मांडावा लागेल, असे मला वाटते. डाइक्सने काहीच केले नाही, असा याचा अर्थ नव्हे. शांट्झवर एवढा भार टाकण्याचा निर्णय शेवटी त्याचाच होता.

वास्तविक १९५० चा निर्णायक व्यवहार मैदानाबाहेर घडला. त्या वर्षी रॉय व अर्ल या दोघा पुत्रांनी सावत्र भाऊ व शाइब कुटुंबीय यांचे भाग विकत घेतले आणि त्यासाठी एका विमा कंपनीकडून साडेसतरा लाख डॉलर कर्ज काढले. प्रेक्षक फिलिजकडे वळले असताना या कर्जाचे हप्ते चुकविणे कोणत्याही मॅनेजरच्या हाती नव्हते. १९५३ च्या हंगामानंतर डाइक्स गेला. त्याच्या जागी आलेल्या एडी जूस्टच्या संघाने १९५४ मध्ये १०३ सामने गमावले. त्या वर्षाच्या अखेरीस संघ अर्नोल्ड जॉन्सनला विकला गेला आणि १९५५ चा हंगाम कॅन्सस सिटीत सुरू झाला. फिलाडेल्फियातील मैदानाला त्यापूर्वीच, १९५३ मध्ये, कॉनी मॅक याचे नाव देण्यात आले होते. आता तेथे फक्त फिलिज खेळत होते.