ङातू : टोंगाच्या सालकापडाची कुळकथा

ङातू हे टोंगा बेटांवरचे सालीचे कापड. पॉलिनेशियातील अशा सगळ्या कापडांना बाहेरचे लोक सरसकट टापा म्हणतात. हे कापड विणत नाहीत, साल बडवून पसरवतात. दमट मातीत साल टिकत नाही आणि टोंगातली बडवण्याची मोगरीही लाकडीच. त्यामुळे उत्खननापेक्षा झाडानेच या कापडाचा माग अधिक लावून दिला.

हे झाड म्हणजे पूर्व आशियातली कागदी तुती, टोंगन भाषेत हिआपो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पॅसिफिक बेटांवरच्या तुतीचे मूळ तैवानपर्यंत नेऊन भिडवले. या तुतीत नर-मादी झाडे वेगळी असतात, आणि दूरच्या बेटांवर जुनी लागवड जवळजवळ सगळी मादी झाडांचीच. बियांचा प्रश्नच नाही. मुळांचे धुमारे माणसांनीच होडीत जपून बेटामागून बेट नेले. टोंगात वस्ती झाली ती सुमारे २,८०० वर्षांपूर्वी, लापिता मृद्भांडी घडवणाऱ्या दर्यावर्दींची.

सालीला भोके पडू नयेत म्हणून कोवळ्या खोडाचे बगलफुटवे खुडत राहतात. खोड तोडल्यावर अंतर्साल सोलून 'तुतुआ' या ओंडक्यावर 'इके' या मोगरीने बडवली की तिची रुंदी कित्येक पट वाढते. पुढचे काम बायका गटाने करतात. नारळाच्या हिरांचे नक्षीसाचे, म्हणजे कुपेसी, खाली बांधून त्यावर बडवलेल्या सालीचे पट्टे खळीने जोडत नेतात आणि कोका झाडाच्या सालीचा तपकिरी रंग घासतात. नक्षी जुनीच राहिली नाही: हॅलेचा धूमकेतू आणि दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर विमानेही ङातूवर उतरली.

ताहिती आणि हवाईत गिरणीचे सुती कापड आल्यावर ही कला जवळपास संपली. टोंगात ती टिकली, कारण तिथे ङातू हे केवळ वस्त्र नव्हते. ते 'कोलोआ', म्हणजे बायकांच्या हातचे धन. लग्नात, मयतीत, राजघराण्याच्या समारंभात ते दिल्या-घेतल्याशिवाय भागत नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरींच्या पूर्वजांनीही हीच तुती नेली होती, पण थंडीत ती नीट तगली नाही. १७६९ साली ब्रिटिश दर्यावर्दी कुकच्या सफरीला तिची मोजकीच रोपे आढळली. आज तिथे स्थायिक झालेल्या टोंगन बायका बाजारातल्या न विणलेल्या कृत्रिम कापडावर तीच नक्षी उठवतात, आणि अस्सल ङातू टोंगातल्या नातलगांकडून मागवतात.